रफ कागद वाचणारा शिक्षक

इंदुरातल्या मराठी घरांमध्ये गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की तो पूर्ण ऐकून घेण्याचीही आता गरज उरलेली नाही. लग्नाच्या पंगतीत, नाटकाच्या मध्यंतरात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटला जात असताना कुणीतरी हळूच बाजूला घेते आणि म्हणते, "सर, मुलगी कॅटला बसते आहे. गणित बरे आहे, इंग्रजीचेही निभते. ते डेटाचे तेवढे अडते. कुणी चांगला शिकवणारा माहीत आहे का?" कॅट म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा, आणि 'डेटाचे' म्हणजे तिच्यातला आकडेवारी आणि तर्काचा विभाग. मी एका महाविद्यालयात जवळजवळ तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे अशा शिक्षकांची यादी माझ्या खिशात असणार अशी लोकांची समजूत असते. यादी माझ्याकडे नाही. एक मत मात्र आहे, आणि ते प्रसाद घेता घेता सांगण्याइतके आटोपशीर नसल्यामुळे येथे मांडतो आहे.

माझे मत असे, की या विषयाचा शिक्षक निवडताना आपण भलतीच गोष्ट पारखून घेतो. त्याचे विद्यार्थी किती पर्सेंटाइलला पोहोचले हे आपण विचारतो, तो स्वतः किती झपाट्याने प्रश्न सोडवतो हे डेमो क्लासला बसून पाहतो आणि समाधानाने वर्षभराची फी भरून येतो. विद्यार्थ्याच्या अर्धवट, खाडाखोड झालेल्या रफ कागदावरून त्याचा विचार नेमका कुठे अडला हे त्या शिक्षकाला ओळखता येते का, हे कुणी तपासत नाही. आणि या विषयात शिकवण्यासारखे जे थोडेफार आहे ते सगळे त्या कागदावरच असते.

हा विभाग मुळात काय आहे हे आधी पाहू. कॅटमध्ये आकडेवारीचे अर्थबोधन आणि तार्किक मांडणी हे दोन्ही मिळून स्वतंत्र विभाग झाला तो २०१५ साली. त्याच्या आदल्या वर्षी आकडेवारी गणिताच्या पदराला आणि तर्क इंग्रजीच्या पदराला बांधलेला होता. २०१५ पासून त्याला साठ मिनिटे मिळू लागली आणि ३२ प्रश्न, म्हणजे एकेका माहितीवर चार-चार प्रश्न असे आठ संच, असा घाट बसला. २०१७ आणि २०१८ च्या पेपरांची आठवण काढली की त्या वर्षी परीक्षेला बसलेली मुले आजही कपाळाला हात लावतात. पुढे २०२० साली परीक्षेचे यजमानपद आपल्याच आयआयएम इंदूरकडे होते. महासाथीमुळे परीक्षा तीन तासांवरून दोन तासांवर आली, दिवसाची दोन सत्रे होती ती तीन झाली आणि प्रत्येक विभागाला चाळीस मिनिटे उरली. ही रचना नंतरही टिकली. २०२४ च्या पेपरात या विभागाचे २२ प्रश्न होते, ते पाच संचांत विभागलेले होते. बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीला एक गुण वजा, आणि जेथे उत्तर स्वतः टाइप करायचे तेथे चुकीला दंड नाही. पडद्यावर साधा कॅल्क्युलेटरही दिलेला असतो. म्हणजे बेरीज-वजाबाकीच्या वेगाची परीक्षा घेण्याचा हेतू परीक्षकांनी उघडपणे सोडून दिलेला आहे.

व्यवस्थापन शिकायला जे परदेशी जाऊ इच्छितात त्यांच्या जीमॅट या प्रवेश परीक्षेचीही वाटचाल याच दिशेने झाली. २०१२ च्या जूनमध्ये तेथे आकडेवारीवरचा एक विभाग आला खरा, पण त्याचे एक ते आठ असे गुण वेगळे दिले जात आणि मुख्य गुणांकनात ते धरले जात नसत. साहजिकच मुले त्याच्याकडे पाहुण्यासारखी पाहत. नोव्हेंबर २०२३ पासून नव्या स्वरूपाची परीक्षा सुरू झाली, तीत 'डेटा इनसाइट्स' हा विभाग गणित आणि भाषा यांच्या बरोबरीने मोजला जातो: वीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटे. एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे येतात, आणि तेवढ्यात कधी तीन-तीन टॅबमध्ये विखुरलेली पत्रे, तक्ते आणि सूचना वाचून त्यांतले परस्परविरोध शोधायचे असतात.

दोन्ही परीक्षांत समान गोष्ट अशी, की येथे अभ्यासक्रम असा नाहीच. भूमितीची प्रमेये पाठ करता येतात, शब्दसंग्रह वाढवता येतो. येथे प्रत्येक संच म्हणजे एक नवे जग असते, त्याचे नियम पहिल्या परिच्छेदात सांगितलेले असतात आणि ते दहा मिनिटांनी कायमचे संपते. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर आणि वेन आकृती एवढी सामग्री दहावीच्या मुलाकडेही असते. त्यामुळे "सिलॅबस पूर्ण करून देतो" असे कुणी म्हणाला, की मला प्रश्न पडतो तो हाच, की हा पूर्ण काय करणार आहे?

तरीही तसे म्हणणारे पुष्कळ आहेत. इंदुरातल्या भंवरकुआँच्या चौकात उभे राहून मान वर केली की आकाशापेक्षा कोचिंगचे फलक जास्त दिसतात, आणि प्रत्येक फलकावर पासपोर्ट आकाराचे हसरे चेहरे आणि त्यांच्याखाली ९९ च्या पुढचे आकडे असतात. आकडेवारी वाचायला शिकवणाऱ्यांची ही जाहिरात आकडेवारी म्हणूनच वाचून पाहावी. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी कॅट दिली. ९९ पर्सेंटाइल म्हणजे वरचा एक टक्का, अर्थात संपूर्ण देशात मिळून जेमतेम २,९०० मुले. त्यांतला एकच मुलगा एका ठिकाणी वर्ग लावतो, दुसरीकडची मॉक म्हणजे सरावाच्या परीक्षांची मालिका विकत घेतो, तिसरीकडे मुलाखतीचे दोन तास घेतो आणि तिन्ही फलकांवर हसतो. त्या तीन ठिकाणी त्याच्याबरोबर एकंदर किती जण बसले होते हा आकडा, ज्याला आम्ही छेद म्हणतो, कोणत्याच फलकावर नसतो. अंश मोठ्या टायपात आणि छेद गायब, हा अपूर्णांक माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही परत केला असता.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली ती याच कारणाने. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरायचे तर त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता आणि त्याचे पैसे भरले होते का हे छायाचित्रासोबत सांगावे, आणि त्याची लेखी संमती निकालानंतर घेतलेली असावी, असे त्यांत म्हटले आहे. शिक्षण मंत्रालयाने त्याच वर्षी जानेवारीत काढलेल्या सूचनांत पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांची नोंदणी, किमान पदवीधर शिक्षक आणि मधेच सोडून जाणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत, अशी कलमे आहेत. दोन्ही योग्यच. पण हे नियम जाहिरात खरी आहे का, केंद्र नोंदलेले आणि शिक्षक पदवीधर आहे का आणि पैसा परत मिळतो का एवढेच पाहतात. जाहिरात शंभर टक्के खरी असली तरी त्या वर्गात आपल्या मुलीला काही येऊ लागेल का, हा प्रश्न कोणत्याही प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही. तो पालकांनाच सोडवावा लागतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीच्या बाबतीत तो कसा सोडवला गेला ते सांगतो, कारण त्या सगळ्या प्रकरणाचा मी साक्षीदार आहे आणि त्यातल्या पहिल्या चुकीत माझाही हात होता. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिला एका नावाजलेल्या वर्गात घातले. फी साठ हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे दहा हजार आठशे. डेमो क्लासला मी स्वतः गेलो होतो आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, भारावून परत आलो. साठेक मुलांसमोर शिक्षकाने पडद्यावर एक संच लावला, दोन मिनिटे तो वाचला आणि पुढच्या पाच मिनिटांत निळ्या, लाल, हिरव्या मार्करने असा देखणा तक्ता उभा केला, की प्रत्येक रिकामी चौकट आपोआप भरत गेली. शेवटची चौकट भरली तेव्हा मागच्या बाकांवरून चक्क टाळ्या आल्या.

चार महिने ती असे तक्ते वहीत उतरवून घेत होती. वही सुरेख झाली होती. मॉक परीक्षेत मात्र चाळीस मिनिटांत एक संच जेमतेम व्हायचा, तोही कधी कधी चुकायचा. तिचे एक वाक्य मी विसरू शकत नाही: "मामा, सर सोडवतात तेव्हा सगळे कळते. मी बसले की पहिली रेघ कुठे ओढायची तेच कळत नाही." ही तक्रार मी संख्याशास्त्राच्या वर्गात शेकडो वेळा ऐकली आहे आणि तिच्या मुळाशी मुलांचा आळस नसतो. सुटलेले कोडे नेहमीच सोपे दिसते. फळ्यावर येणारा तक्ता हा विचाराचा शेवट असतो. तो आखण्यापूर्वी शिक्षकाने मनातल्या मनात ज्या दोन मांडण्या करून पाहिल्या आणि टाकून दिल्या, त्या फळ्यावर कधीच येत नाहीत. विद्यार्थ्याला गरज त्या टाकून दिलेल्या मांडण्यांची असते. साठ जणांच्या वर्गात त्या दाखवायच्या म्हटल्या तर शिक्षक गोंधळलेला आहे असे मुले घरी जाऊन सांगतील, आणि दुसऱ्या दिवशी तो शिक्षक तेथे राहणार नाही.

सप्टेंबरात बहिणीने कुणाच्या तरी ओळखीने सुदामानगरातल्या एका तरुण शिक्षिकेला गाठले. त्या एका कंपनीत नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी घरी येऊन शिकवतात. फी तासावर. माझी भाची त्यांना ताई म्हणते, बहीण इंदुरी रिवाजाप्रमाणे मॅडम म्हणते. पहिल्या तासाला मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. दार उघडे होते आणि वर्तमानपत्र, खरे सांगायचे तर, उलटे असते तरी चालले असते.

त्यांनी सोबत काही आणले नव्हते. एका कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःच एक छोटा संच लिहून दिला. राजवाड्याजवळ पोह्यांचे तीन ठेले आहेत. एका सकाळी तिघांनी मिळून १२० प्लेट विकल्या. प्रत्येकाची विक्री दहाच्या पटीत आहे आणि कुणाचीही दुसऱ्याएवढी नाही. पहिल्याची सर्वांत जास्त, तिसऱ्याची सर्वांत कमी. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची विक्री मिळून पहिल्यापेक्षा जास्त भरते. तिसऱ्याने निदान २० प्लेट विकल्या. तर प्रत्येकाने किती? एवढे लिहून त्या गप्प बसल्या. भाचीने त्रिकुटे लिहायला सुरुवात केली: ७०, ३०, २०, मग ६०, ४०, २०, मग ८०, २०, २०, जे नियमात बसतच नव्हते. अशी नऊ त्रिकुटे लिहून तिने एकेक खोडत आणली आणि चार मिनिटांनी ५०, ४०, ३० वर बोट ठेवले. उत्तर बरोबर होते. माझ्या वर्गात मी "शाब्बास" म्हणून पुढच्या उदाहरणाकडे वळलो असतो.

ताईंनी तो खोडलेला कागद आपल्याकडे ओढला आणि विचारले, "हे ७० तू का लिहिलेस?" भाचीला सांगता येईना. "बाकीच्या दोघांची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त आहे ना? मग पहिला एकूण विक्रीच्या निम्म्यावर जाईल का?" नाही, म्हणजे साठच्या आत. "आणि तिघांनी सारखे विकले असते तर प्रत्येकी किती?" चाळीस; पण पहिला तर सर्वांत पुढे आहे, म्हणजे चाळीसच्या वर. चाळीसच्या वर आणि साठच्या आत दहाच्या पटीतला आकडा एकच. उरलेले सत्तर दोघांत वाटायचे, दुसरा पन्नासच्या आत पण तिसऱ्याच्या पुढे, म्हणजे चाळीस आणि तीस. एकही त्रिकूट लिहावे लागले नाही. मग त्यांनी विचारले, "यात कोणती अट तू वापरलीच नाहीस?" भाचीने कागद दोनदा वाचला आणि तिच्या लक्षात आले, की तिसऱ्याने निदान २० विकल्याची अट नुसतीच बसून होती. शेवटी त्या म्हणाल्या, "आता दहाच्या पटीची अट काढून टाक. काय काय अजून खात्रीने सांगता येते?" पहिला ४१ ते ५९, दुसरा ३१ ते ४९ आणि तिसरा २० ते ३९ च्या दरम्यान आहे एवढे सांगता येते, नेमका आकडा एकाचाही नाही. या एका प्रश्नाने त्यांनी जीमॅटमधल्या 'डेटा सफिशिअन्सी'चे, म्हणजे दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही एवढेच ठरवण्याचे, मर्म तिच्या हाती दिले होते, आणि त्या परीक्षेचे नावही घेतले नव्हते.

या अर्ध्या तासात शिकवले गेले ते काय? नवे सूत्र एकही नाही. आधी वरची आणि खालची मर्यादा बांधावी आणि मगच शक्यता मोजाव्यात. प्रत्येक अट वापरली गेली की नाही याचा हिशेब ठेवावा. आणि उत्तर न काढताही काय सांगता येते ते पाहावे, अशा तीन सवयी. त्या सांगून लागत नाहीत, आपल्याच चुकीवर कुणीतरी बोट ठेवले तर लागतात. माझ्या मते या विषयाच्या शिकवणीची किंमत त्या बोट ठेवण्याचीच आहे, आणि म्हणूनच ती वर्षाच्या घाऊक भावाने विकत घेण्यात अर्थ नाही. आठ-दहा तास, तेही दोन तासांच्या मध्ये आठवडाभर स्वतः झगडण्याइतके अंतर ठेवून, बहुतेक मुलांना पुरतात. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट उपलब्ध आहेत. अलीकडच्या वर्षांत परीक्षेनंतर प्रश्न आणि उत्तरतालिका आयआयएमकडूनच उमेदवारांना दाखवल्या जातात. सरावाचे साहित्य कमी पडते ही तक्रार आता कुणी करू नये.

मग असा शिक्षक ओळखावा कसा? माझी सूचना पालकांना थोडी उद्धट वाटते, तरी ती करतो. डेमो क्लास शिक्षकाच्या पसंतीच्या संचावर होऊ देऊ नये. मुलाने घरी वीस मिनिटे झगडून सोडून दिलेला एक संच आणि त्याचा तो चुरगळलेला रफ कागद घेऊन जावे आणि शिक्षकापुढे ठेवावा. जो ताबडतोब नवा कागद ओढून आपले उत्तर मांडू लागतो तो उत्तम सोडवणारा असेल. शिक्षक म्हणून त्याच्याविषयी अजून काही कळलेले नाही. जो आधी मुलाचा कागद वाचतो आणि "येथपर्यंत बरोबर होतास, येथे हे का गृहीत धरलेस?" असे विचारतो, त्याच्याकडे पुढचा तास ठरवावा. शिक्षकाने पूर्वी न पाहिलेला संच असला तर आणखी बरे, कारण अडखळताना तो काय करतो हे मुलाला पाहायला मिळते. एका शिक्षकाने माझ्यादेखत "थांबा, ही मांडणी चुकली माझी" असे म्हणून कागद फाडला होता. त्याच्याकडे मी तिघांना पाठवले आहे.

शिक्षकाचे स्वतःचे पर्सेंटाइल विचारावे का? जरूर विचारावे, पण ते उंबरठ्यासारखे धरावे. ज्याला चाळीस मिनिटांच्या ताणाचा अनुभवच नाही तो काय सांगणार, हे खरे. पण एकदा तो उंबरठा ओलांडला की ९८ आणि ९९.८ यांतला फरक शिकवण्याच्या बाबतीत निरर्थक असतो. उलट ज्याला हे सगळे पहिल्यापासून सहज जमले त्याला दुसऱ्याचे अडणे दिसत नाही, असेच मी अधिक वेळा पाहिले आहे. याला गायनाच्या क्षेत्रातली उदाहरणे इंदूरकरांना मी सांगायला नकोत.

जीमॅटसाठी शिक्षक शोधणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आपल्याकडे कॅट शिकवणारेच थोडी पाटी बदलून जीमॅट शिकवतात. तर्काचा पाया एकच असला तरी खेळ निराळा आहे. कॅटमध्ये पाच संच समोर असतात आणि त्यांतले कोणते सोडायचे हे ठरवणे हेच अर्धे कौशल्य असते. जीमॅटमध्ये प्रश्न एकामागून एक येतात, आधीच्या उत्तरांवरून पुढच्याची काठिण्यपातळी ठरते, पुढे जायचे तर उत्तर द्यावेच लागते आणि विभागाच्या शेवटी वेळ उरला तर फार तर तीन उत्तरे बदलता येतात. जो शिक्षक कॅटच्या मुलाला "सगळे सोडवायचा प्रयत्न कर" म्हणतो, किंवा जीमॅटच्या मुलाला "अवघड दिसले तर सोडून पुढे जा" म्हणतो, त्याने ती परीक्षा जवळून पाहिलेली नाही एवढे नक्की.

भाषेचा मुद्दाही आहे आणि तो आपल्या शहरात विशेष आहे. प्रश्न इंग्रजीत, शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची, मित्रांशी बोलणे हिंदीत आणि घरी मराठी, अशा चार कोपऱ्यांत आपली मुले वाढतात. एकोणसत्तर म्हटले की माझी भाची क्षणभर थांबते आणि 'सिक्स्टी नाइन' म्हटल्यावर पुढे सरकते. तो माझ्या पिढीचा पराभव आहे, पण तो येथे बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे, की "दुसऱ्याहून कमी नाही" आणि "दुसऱ्याहून जास्त" यांतला फरक मुलाला ज्या भाषेत खरोखर टोचतो त्या भाषेत तो समजावला जावा. इंग्रजीतल्या 'ॲट लीस्ट'चे भाषांतर मनातल्या मनात "जास्तीत जास्त" असे करून बसलेली हुशार मुले मी पाहिली आहेत, आणि ती चूक गणिताची समजून त्यांना गणिताचा आणखी सराव दिला गेला होता. जो शिक्षक मुलाला प्रश्न आपल्या भाषेत मोठ्याने सांगायला लावतो, त्याला ही चूक दोन मिनिटांत सापडते.

माझ्या म्हणण्यावर मुख्य आक्षेप येतो तो पैशांचा. एकट्याची शिकवणी ही चैन झाली. बॅचमध्ये निदान मध्यमवर्गीयाला परवडते आणि सोबतीमुळे मूल अभ्यासाला बसते. यातला सोबतीचा भाग मला पूर्ण मान्य आहे. ज्या मुलाला वेळापत्रक कुणीतरी लावून द्यावे लागते त्याला वर्गाचा उपयोग होतो, आणि गणित-इंग्रजीसाठी तो खुशाल लावावा. पैशांचा हिशेब मात्र मला पटत नाही. ७०,८०० रुपयांत तासावर शिकवणाऱ्याचे किती तास येतात हे ज्याने त्याने आपल्या मोहल्ल्यातल्या दराने मोजून पाहावे. लागणार आहेत दहा.

ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी काही करता येण्यासारखे असेल तर ते आपल्या महाविद्यालयांनी आणि संस्थांनी करावे. बी.कॉम. आणि बी.बी.ए.च्या मुलांना आम्ही प्रमाण विचलनाचे सूत्र घोकायला लावतो, पण वर्तमानपत्रातला एक आलेख समोर ठेवून याचा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, असे तीन वर्षांत एकदाही विचारत नाही. माझ्या शिकवण्याच्या तीस वर्षांतली बरीच वर्षे मीही विचारले नव्हते. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग सात वेळा पहिले आले याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, पण दोन शहरांतले अंतर क्रमांक सांगत नाही, ते गुण सांगतात, एवढी गोष्ट त्याच बातमीवरून एका तासात शिकवता येईल. भाड्याने दिलेली नसतात त्या दिवशी आपल्या मराठी संस्थांची सभागृहे कुलूपबंद असतात. शनिवारी दुपारी तेथे चार टेबले मांडली, गेल्या एक-दोन वर्षांत परीक्षा देऊन मोकळी झालेली मुले एकेका टेबलावर बसवली आणि प्रत्येकापुढे तीन-तीन विद्यार्थी आपापले रफ कागद घेऊन आले, तर खर्च चहाचा आणि कोऱ्या कागदांचा येईल. दोन संस्थांच्या कार्यकारिणीपुढे मी हे बोललो आहे. एकीने विषय पुढच्या बैठकीवर ठेवला, दुसरीने उद्घाटनाला कुणाला बोलवायचे ते विचारले.

वेळेविषयी एक सांगून थांबतो. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी असते आणि मला फोन येऊ लागतात ते नवरात्रानंतर, मॉकचे आकडे खाली आले की. तेव्हा पाच-सहा आठवडे उरलेले असतात आणि सवयी बदलायला ते अपुरे असतात. त्या टप्प्यावर चांगला शिक्षक नवे काही शिकवत नाही. पहिल्या चार मिनिटांत पाचही संच नुसते वाचून कोणत्या दोनांना हात लावायचा नाही एवढेच तो पुन्हा पुन्हा करून घेतो. माझ्या भाचीला ताईंनी दिवाळीच्या आठवड्यात हेच करायला लावले, तेव्हा न सोडवलेल्या संचांच्या डोक्यावर फुली मारताना तिचा हात थरथरत होता. शेवटच्या मॉकमध्ये तिने दोन संचांवर फुली मारली, उरलेल्या तिनांतले दोन पूर्ण सोडवले आणि तिसऱ्यातले दोन प्रश्न. जुन्या वर्गाकडून उरलेल्या महिन्यांची फी परत मिळावी म्हणून बहिणीने सप्टेंबरातच अर्ज दिला होता. त्यावर "विचाराधीन" असे उत्तर आले आहे, आणि दहा दिवस केव्हाच उलटले.